बटण बंद असताना

विडी घरकुलात दुपारी तीनला
पत्र्याखाली उभं राहवत नाही.
अंबुबाई यन्नम म्हणाल्या, बसा की ओ,
कॉटवर नको, खाली बसा.
कॉट चावतोय.

चावतोय म्हणजे शॉक?
शॉक नाही ओ. शॉक मला ठाऊक आहे,
मिक्सरचा बसलाय एकदा.
हे मुंग्यांसारखं. उलटा हात दांडीवरून
असा हळू नेला की खरखरतंय.
आणि दिवा घालवल्यावरच जास्त.
लावला की कमी.

एवढं बोलून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.
पोरगा हसला होता. शेजारणीने लिंबू उतरवलं होतं.
आधीचा वायरमन टेस्टर टेकवून
पन्नास रुपये घेऊन गेला होता.
मी हसलो नाही, पण मनात म्हटलं,
बाई उलटं सांगतायत.

माझं मापक घरचं.
साबणाच्या डबीत नऊ व्होल्टची बॅटरी,
पुढे पोस्टकार्डाएवढा तांब्याचा पत्रा,
जुन्या टेपरेकॉर्डरमधला काटा,
आकडे मीच लिहिलेत बॉलपेनने, जरा तिरके गेलेत.
ते वायरीला शिवत नाही.
वायरीभोवतालची हवा किती ताणलीय, एवढंच विचारतं.

कसं सांगू त्यांना,
म्हटलं, मागावर ताणा असतो ना,
धोटा थांबला म्हणून काय तो सैल पडतो?
म्हणाल्या, बोट लावलं की कळतंय.
म्हटलं, तसंच.

डबी हातात धरली तर काटा थरथरतो.
मी वाकलो, हलतो. श्वास घेतला तरी मला वाटतं हलतो.
माझंच अंग मध्ये येतं,
ताणातला काही भाग पिऊन फरशीत सोडतं.
म्हणून डबी प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवली
आणि दारापर्यंत मागे सरलो,
अंबुबाईंनाही सरकवलं, सूप-विड्यांसकट.
खोलीत कोणी नसल्यासारखी खोली मोजायची होती.

दिवा चालू. चाळीस.
दिवा बंद.
काटा वर गेला. ऐंशीला टेकला.

पुन्हा केलं. पुन्हा ऐंशी.
तिसऱ्यांदा बटण त्यांनाच दाबायला दिलं.

बाई बरोबर होत्या, दोन वर्षं बरोबर होत्या.
फेज सरळ दिव्यात गेलेली, बटण न्यूट्रलवर.
बटण बंद केलं की तुटायची ती परतीची वाट,
आणि आलेला दाब वायरीच्या दोन्ही पदरांत
रात्रभर मुक्कामाला.
त्यात वायर कॉटच्या दांडीला गुंडाळलेली,
सात वेढे, एकसारखे,
कांडी भरावी तसे.

फिटिंग कोणी केलं?
ह्यांनी, म्हणाल्या. पोराच्या पायात येऊ नये म्हणून
गुंडाळली.
मग थोड्या वेळाने,
चुकलं होतं का ओ त्यांचं?

दोन्ही वायरी काळ्या झाल्यात, म्हटलं,
कोणाचंही चुकलं असतं.
फडक्याने पुसली तेव्हा एक लाल निघाली.
ते बोललो नाही.

दोन स्क्रू. आदलाबदल.
दिवा बंद, काटा चारवर,
ते चार तर शेजारच्या भिंतीतलेही असतील.
अंबुबाईंनी उलटा हात दांडीवरून नेला,
परत नेला, डोळे मिटून.
गेलं, म्हणाल्या.

काय म्हणतात त्याला, जे होतं त्याला?
विद्युत क्षेत्र.
क्षेत्र? म्हणजे तुळजापूर, अक्कलकोट?
तसलंच, म्हटलं, पण घरबसल्या.
तेव्हा कुठे हसल्या.

वेढे सोडवून देऊ का, विचारलं,
आता भिंतीवरून सरळ नेता येईल.
नको.
ते राहू दे.

पैसे पदराच्या गाठीतून काढले, मोजून दिले.
भर दुपारी दिवा लावला, घालवला,
लावला, घालवला.
मग सूप मांडीवर ओढलं. पानं सुकून चालली होती.
सातशेपर्यंत आले होते की आठशे,
माझ्या नादात विसरल्या,
आणि तेलुगूत, पुटपुटत,
पहिल्या विडीपासून मोजायला लागल्या.